सत्कारासाठी चार ओळी

पेडणेकरबाई सेक्रेटरी झाल्यापासून
सोसायटीत पंचाहत्तरी गाठणाऱ्या प्रत्येकाला
गच्चीवर शाल आणि नारळ.
येत्या रविवारी माझी पाळी.
म्हणाल्या, चेऊलकर, चार ओळी लिहून द्या,
काय काय मिळवलंत ते. फ्लेक्सवर छापायचंय.

काय मिळवलं.
ट्रँगल वाजवला.

तसं बरंच वाजवलं. खुळखुळे, घुंगरू, चिपळ्या,
एकदा घोड्याच्या टापांसाठी करवंट्या.
पण यादीत रेबेलोसाहेब माझ्या नावापुढे
नुसतं 'साइड' लिहायचे.
साइड ऱ्हिदम. बाजूचा.
पाकिटावरही तेच : चेऊलकर, साइड, एक शिफ्ट.

ताडदेवचा तो स्टुडिओ. आता तिथे गाड्यांचं शोरूम आहे.
साठ माणसं एका खोलीत, आवाज नको म्हणून पंखे बंद,
एका माइकवर आम्ही चौघे,
आणि त्या गाण्यात माझं काम एवढंच :
एकशे बारा बार गप्प बसायचं,
एकशे तेराव्याला, पहिल्या मात्रेवर,
गाणारीचा श्वास संपलेला असतो
आणि व्हायोलिनं अजून उठलेली नसतात
त्या फटीत
एकदा
टिंग.

चुकलो तर साठ जणांनी पुन्हा पहिल्यापासून.
सकाळपासून चौदा टेक झाले होते.
कधी गाणारीला ठसका, कधी बासरीवाल्याचा ओठ कोरडा,
चौदाव्याला तर आग्नेलची तारच तुटली.
मी एकदाही चुकलो नव्हतो. कुणाच्या लक्षात येणार?
न चुकलेलं ऐकू येत नाही.

एका हाताची चार बोटं, पेरं धरून सोळा.
अशी सात आवर्तनं, अंगठा फिरवत,
आई जप करायची तशी.
पंधराव्या टेकला सातवं संपलं,
अंगठा करंगळीच्या टोकावर आला
आणि मी वाजवला.
वाजवला असं तरी कसं म्हणू. तो स्वर आधीच तिथे होता,
मी फक्त त्याच्यावरचं फडकं उचललं.

काचेपलीकडून ओके आलं.
जो तो डबा उघडायला धावला.
आग्नेल तेवढा थांबला. माझ्याकडे बघितलं,
तुटलेली तार गुंडाळून माझ्या खिशात कोंबली,
बोलला काहीच नाही.
त्याच तारेवर ट्रँगल अजून लटकतोय,
फ्रिजमागच्या खिळ्याला.

सिनेमा पडला. गाणंही फार चाललं नाही.
कुमुद म्हणाली, पैसे तरी दिले ना?
दिले. नव्वद रुपये.
पुढे मशीन आलं. एका बटणात माझं अख्खं कपाट.
वाईट वाटलं का? वाटलं.
मग अकरा वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या.

आता हे सांगू का नको, पण
गेल्या महिन्यात ग्रँट रोडला चष्म्याच्या दुकानात होतो.
डोळ्यांत थेंब घातलेले, समोरचं सगळं धुरकट,
आणि आत कुठेतरी रेडिओवर ते लागलं, अगदी सुरुवातीपासून.
अंगठा आपोआप चालू लागला.
पाच आवर्तनं. सहा. सात.
आणि बरोबर त्या फटीत
काउंटरच्या काचेवर कुणीतरी स्क्रूड्रायव्हर टेकवला.
टिंग.

कोण रे?
"सॉरी अंकल," कोवळा आवाज, चेहरा दिसेना,
"ये वाला आता है तो हाथ से हो जाता है."

मी काही बोललो नाही.
थेंबांमुळे पाणी येतच होतं डोळ्यांतून.

तर पेडणेकरबाई, चार ओळी जमत नाहीत.
नाव छापा. खाली 'साइड' छापा.
नारळ नको, दात राहिले नाहीत.
आणि मधे बरीच रिकामी जागा राहील,
ती फुलाबिलांनी भरू नका.
तिथे मी मोजत असतो.